आम्ही सारे व्हिलन

इंग्रजी शब्द स्वदेशात म्हातारा झाला की त्याचे पुढे काय होते, याची चौकशी इंग्लंडात कोणी करीत नाही. मी केली आहे. तो बोटीत बसतो, मुंबईला उतरतो, विरार लोकल पकडतो, नालासोपाऱ्याला धक्के खात बाहेर पडतो आणि आमच्या राजोडीला येऊन राहतो. इथली हवा त्याला मानवते. समुद्र जवळ, किनाऱ्याला सुरूची झाडे, वाडीत केळी. आणि मुख्य म्हणजे त्याला रोजचे काम मिळते. तिकडे ज्याच्या नावाने केव्हाच अंघोळ करून झाली, तो इथे सकाळपासून रात्रीपर्यंत गड्यासारखा राबतो.

अशा या कष्टाळू शब्दांना हल्ली आमच्याच घरातली माणसे हसू लागली आहेत. माझे भांडण त्यांच्याशी आहे. हा लेख म्हणजे एक फिर्याद समजा. वकील मीच, साक्षीदार मीच आणि स्टँपपेपरचा खर्चही माझाच.

भांडणाची सुरुवात माझ्या नातवाने केली. तो बोरिवलीला एका इंग्रजी शाळेत जातो आणि सुटीत आमच्याकडे येऊन मला सुधारतो. परवा मी त्याला म्हटले, "बाळा, पिशव्या डिकीत ठेव."

"आजोबा, डिकी नाही म्हणायचं."

"मग काय म्हणायचं?"

"बूट."

"बूट पायात घालतात."

"तो वेगळा बूट. आणि अमेरिकेत ट्रंक म्हणतात."

"ट्रंक आपल्याकडे माळ्यावर आहे. त्यात तुझ्या आजीचा शालू आहे."

नातवाने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी त्याच्या शाळेची फी बुडवली आहे. मग शांतपणे म्हणाला, "आजोबा, डिकी हा शब्द ऑब्सोलीट आहे." ऑब्सोलीट म्हणजे कालबाह्य, हे त्याने मला समजावून सांगितले. त्याच्या आवाजात असे काही होते, की शब्दाबरोबर मीही कालबाह्य असल्याची मला शंका आली.

आता या डिकीचे कुळ पाहा. मोटारी येण्याआधी इंग्लंडात घोडागाड्या होत्या. गाडीवान जिथे बसे त्या जागेला डिकी म्हणत. मोटारी आल्या तेव्हा गाडीच्या मागे, उघड्यावर, घडी घालता येईल अशी एक बैठक असे. जादा पाहुणा किंवा नोकर यांना तिथे बसवीत. ती झाली डिकी. पुढे बैठक गेली, सामानाची जागा उरली. इंग्रजांनी तिला बूट म्हटले, आपण डिकीच म्हणत राहिलो. आणि नातवाचा तो बूट तरी कोण मोठा लॉर्ड लागून गेला आहे? तोही घोडागाडीतलाच. गाडीत सामान ठेवायच्या खणाला बूट म्हणत. म्हणजे दोघे एकाच घोडागाडीचे उतारू. एक लंडनला उतरला म्हणून शुद्ध आणि दुसरा राजोडीला उतरला म्हणून अशुद्ध, हा कुठला न्याय?

डिकी उघडली की आत स्टेपनी असते. तिच्यावर तर माझे विशेष प्रेम आहे. (तिचा एक दुसराही अर्थ आपल्याकडे प्रचारात आहे. तो इथे अभिप्रेत नाही, हे घरच्यांच्या माहितीसाठी नमूद करतो.) पूर्वीच्या मोटारींना जादा चाक नसे. पंक्चर झाले की साहेब आणि मडमेला रस्त्यात उभे करून शोफरने चिकटवाचिकटवी करायची. १९०४ साली वेल्समधल्या लनेली गावच्या डेव्हिस बंधूंनी यावर तोड काढली. आरे नसलेली नुसती धाव, तिच्यावर फुगवलेला टायर, आणि पंक्चर झालेल्या चाकाला ती अडकवायची सोय. त्यांचा कारखाना स्टेपनी स्ट्रीटवर होता, म्हणून तिचे नाव स्टेपनी. पुढे प्रत्येक मोटारीबरोबर पाचवे चाक मिळू लागले, तशी मूळ स्टेपनी गेली आणि इंग्लंडात शब्दही गेला. आपल्याकडे मात्र तो पाचव्या चाकाला चिकटला. तिकडे ब्राझीलमध्येही चिकटला. तिथले पोर्तुगीज बोलणारे लोक जादा चाकाला अजून एस्तेपी म्हणतात. म्हणजे वसईत दोनशे वर्षे राहून गेलेल्यांच्या भाषेतदेखील ही बाई सुखाने नांदते आहे. फक्त माहेरी तिला कोणी ओळखत नाही.

शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या आमच्या किनाऱ्यावर हवा खायला येतात. एका रविवारी अशाच एका गाडीची हवा समुद्राच्या हवेत मिसळली. मालकांच्या शर्टावर नारळाची झाडे होती. ते टायरवाल्या पोराला म्हणाले, "स्पेअर व्हील बदलायचंय."

"काय बदलायचंय?"

"स्पेअर व्हील."

"स्टेपनी का?"

"हां, तेच. पण बरोबर शब्द स्पेअर व्हील."

पोराने डिकी उघडली. आतले चाक अंगठ्याने दाबून पाहिले आणि म्हणाला, "शब्द बरोबर आहे साहेब. हवा नाही."

भाषाशास्त्रावरचा याहून चांगला निबंध मी वाचलेला नाही.

आता फुलस्केप कागद घ्या. आमच्या पिढीने सगळे अर्ज फुलस्केपवर केले. नोकरीचा अर्ज फुलस्केपवर, रजेचा फुलस्केपवर, शेजाऱ्याच्या नारळाच्या झावळ्या आमच्या कौलांवर पडतात ही तक्रार फुलस्केपवर, आणि ती मागे घेण्याचा अर्जही फुलस्केपवर. कागदाचे हे नाव कसे पडले, तर त्याच्या अंगात पूर्वी विदूषकाच्या टोपीचे जलचिन्ह असे. उजेडासमोर धरला की टोपी दिसायची. फूल्स कॅप, मूर्खाची टोपी. म्हणजे आपण सारे 'माननीय महोदय, आपल्या चरणी सविनय सादर' वगैरे जे लिहीत आलो, ते सगळे मूर्खाच्या टोपीवर. अर्जांना उत्तरे का आली नाहीत, याचा उलगडा मला फार उशिरा झाला. इंग्लंडात आता ए-फोर चालतो. त्यात टोपी नाही, गंमतही नाही. आमच्या नाक्यावरच्या दुकानात मात्र अजून "दोन फुलस्केप द्या" म्हटले की दुकानदार मान वर न करता दोन कागद काढून देतो.

आणि टिफिन! आमचे एक स्नेही अत्यंत सात्त्विक. कांदादेखील चातुर्मासात वर्ज्य. छत्तीस वर्षे त्यांनी नालासोपारा ते चर्चगेट टिफिन नेला. त्यांना मी सांगितले, की अठराव्या शतकातल्या इंग्रजी बोलीत टिफिंग म्हणजे मद्याचे घोट घेणे, आणि टिफिन त्यावरूनच निघाला. हिंदुस्थानातल्या साहेबांनी त्याचा अर्थ दुपारचे हलके जेवण असा केला आणि आपण जेवणावरून तो डब्यावर नेला. स्नेही दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मूळ काही का असेना. माझ्या टिफिनमध्ये थालीपीठच होतं." मी म्हटले, "अहो, मीही हेच म्हणतोय!"

शब्दाचे मूळ पाहावे, जरूर पाहावे. त्यात मौज आहे. पण मुळावरून शब्दाची आजची लायकी ठरवू नये. तसे ठरवायचे म्हटले तर कोणालाच तोंड उघडता येणार नाही. माझा नातू कशालाही 'नाइस' म्हणतो. नाइसचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ अडाणी. इंग्रजीतही आरंभी नाइस म्हणजे मूर्खच. उलट 'सिली' म्हणजे एके काळी सुखी, देवाची कृपा असलेला. शेकडो वर्षांत दोघांनी एकमेकांच्या खुर्च्या पटकावल्या. आपल्याकडे तरी निराळे काय आहे? जुन्या धर्मशास्त्रात साहस म्हणजे दांडगाईचा गुन्हा, त्याला दंड सांगितला आहे. आज साहस केले तर शाळेत बक्षीस मिळते. दादा म्हणजे थोरला भाऊ. पण "त्या गल्लीत जाऊ नकोस, तिथे एक दादा आहे" म्हटल्यावर कोणी ओवाळायला तबक घेऊन निघत नाही. शब्द चालत राहतात. चालणाऱ्याच्या पायाला धूळ लागायचीच. तेव्हा नातवाने जुन्या अर्थासाठी माझ्या आजच्या शब्दाचा कान धरू नये. त्याचे नाइस चालते, तर माझी डिकी का चालू नये?

माझ्या विरुद्ध दुसरी एक फळी आहे. ती निवृत्त मराठी शिक्षकांची. त्यांतले एक सर रोज संध्याकाळी किनाऱ्यावर भेटतात. त्यांना डिकीही नको आणि बूटही नको. "अतिरिक्त चाक म्हणा, भोजनपात्र म्हणा," असा त्यांचा आग्रह. मला सरांचा आदर आहे. सावरकरांनी महापौर, दिनांक असे शब्द दिले, ते आपण रोज वापरतो आणि ते उपरे वाटत नाहीत. नव्या वस्तूला ताजा मराठी शब्द कोणी देत असेल तर मी सर्वांत आधी टाळी वाजवीन. पण जो शब्द तीन पिढ्या घरात जेवला, त्याच्या हातातले ताट काढून घेण्यात कसले आले आहे भाषाप्रेम? आमच्या वसईत तर हा विचारच नको. १५३४ साली पोर्तुगिजांनी वसई घेतली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती त्यांच्याकडून जिंकून घेतली. फिरंगी गेले. पण त्यांचे पगार, चावी, बटाटा आणि पाव मराठीत राहिले ते राहिलेच. तलवारीने किल्ला घेता येतो. बटाटा नाही काढता येत.

सरांना आणखी एक सांगतो. इंग्रजांचे म्हणून आपण जे शब्द समजतो त्यांतले काही त्यांनी इथूनच उचलले आहेत. ऑफिसातला प्यून आणि घरातली आया, हे दोन्ही त्यांनी हिंदुस्थानातल्या पोर्तुगिजांकडून घेतले. प्यून म्हणजे मुळात पायदळाचा शिपाई. बुद्धिबळातले प्यादे ज्याला इंग्रज पॉन म्हणतो, तेही लॅटिनकडून याचेच चुलत भावंड. घोडा नाही, हत्ती नाही, पायी चालणारा माणूस. ऑफिसात फायली घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर दिवसभर पायी चालतो, तो आमचा प्यून शब्दाच्या मूळ अर्थाशी किती इमानी आहे पाहा! साहेबांविषयी असे म्हणता येईल का?

येथवर मी हसत भांडलो. आता जरा खुर्ची पुढे ओढतो.

शब्दांना हसणारा माणूस खरे तर शब्दांना हसत नाही, तो ते बोलणाऱ्याला हसतो. इंग्रजीतला व्हिलन घ्या. सिनेमात ज्याला शेवटी मार बसतो तो. हा व्हिलन मुळात कोण? व्हिला म्हणजे जमीनदाराची वाडी. त्या वाडीवर राबणारा जो गरीब कुळवाडी, तो व्हिलन. बस्स, एवढाच त्याचा गुन्हा. त्याने कोणाची नायिका पळवली नव्हती. पण त्याचे बोलणे, खाणे, कपडे गढीवरच्या लोकांना ओंगळ वाटले. शब्द लिहिणारे गढीवरचे, आणि ज्याच्याविषयी लिहायचे तो शेतात. हळूहळू खेडूताचा हलकट झाला आणि हलकटाचा खलनायक. बूर म्हणजे इंग्रजीत असभ्य माणूस, मुळात शेतकरी. पेगन म्हणजे ज्याला खरा देव कळला नाही तो, मुळात लॅटिनमध्ये गावकरी. आणि सभ्य, सुसंस्कृत माणसाला काय म्हणतात? अर्बेन. म्हणजे शहरवाला! शब्दकोश कोणी लिहिले ते कळायला आणखी पुरावा नको.

आपण काही कमी नाही. संस्कृत काव्यशास्त्रात ग्राम्यता हा दोष आहे. मराठीत घाणेरड्या विनोदाला ग्राम्य विनोद म्हणतात, जसा काही शहरात कोणी घाणेरडे बोलतच नाही. त्यांनी एकदा गर्दीच्या वेळी विरार लोकलमध्ये चढून पाहावे. गावठी या शब्दाचेही तेच. गावठी बोलणे, गावठी वागणे म्हणजे हलके. मात्र गावठी अंडे घ्यायला जा, भाव ऐकून तोंड उघडे राहते. गावठी कोंबडी, गावठी भाजी, गावठी केळी, यांच्यासाठी लोक गाड्या काढून येतात आणि डिकी भरून नेतात. गावचे सगळे महाग झाले. स्वस्त राहिले फक्त गावचे बोलणे.

याच हिशेबाने आम्ही राजोडीकर सारे व्हिलन. वाडीवर राबणारे. आता तुम्ही म्हणाल, अहो, एवढे काय मनाला लावून घ्यायचे? सांगतो.

आमच्या शेजारच्या वाडीत एक आजी आहेत. अंतर विचारले तर त्या अजून फर्लांगात सांगतात. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, मेट्रिक आले, मैल-फर्लांग सरकारी दप्तरातून गेले. आजींना कोणी कळवले नाही. फर्लांग हाही शेतकऱ्याचाच शब्द. फरो म्हणजे नांगराचे तास. एका दमात बैल जेवढे लांब तास ओढतील तेवढे ते अंतर, पुढे ते दोनशेवीस यार्डांवर ठरले. ज्या बाईने जन्मभर माती पाहिली तिच्या तोंडी हा शब्द शोभतो. शिवाय त्या आपल्या घरच्या बोलीत बोलतात. वसईत वाडवळी आहे, सामवेदी आहे जिला कादोडीही म्हणतात, कोळ्यांची बोली आहे, आणि दर दोन गावांनी हेल बदलतो. आजींच्या बोलीत एक गोडवा आहे आणि शिव्यांतही तो सुटत नाही.

त्यांची नातवंडे मुंबईहून आली. आजींनी समुद्र किती लांब ते सांगितले, त्यांच्या बोलीत आणि त्यांच्या फर्लांगांत. मुले हसली. वाईट नव्हती हो, मुले हसतात तशी हसली. दुसऱ्या दिवशी आजींनी पुस्तकातल्यासारखे बोलायचा प्रयत्न केला. त्यालाही मुले हसली. तिसऱ्या दिवसापासून आजी नातवंडांशी बोलेनाशा झाल्या. हाक मारायच्या, ताट वाढायच्या, केसांवरून हात फिरवायच्या. बोलायच्या नाहीत. सून कौतुकाने म्हणाली, "आई हल्ली किती शांत झाल्यात!"

शब्द कालबाह्य होतो तो असा. कोशातल्या तारखेने नव्हे. ज्या दिवशी बोलणाऱ्याला स्वतःच्या तोंडाची लाज वाटते, त्या दिवशी. २००९ साली वसई-विरारची महानगरपालिका झाली, २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला, आमच्या पाकिटावरचा पत्ता बदलला. त्याने काही बिघडले नाही. आजी गप्प झाल्या, त्याने बिघडले. त्यांच्याबरोबर झाडांची, माशांची, वाऱ्यांची, पापडांच्या दुखण्यांची किती नावे गप्प झाली, याची मोजदाद कुठल्या पालिकेत होत नाही.

ज्या इंग्रजीच्या जोरावर हे हसणे चालते तिचे घर तरी पाहा. ऑक्सफर्डचा मोठा कोश १८८४ पासून खंडाखंडांनी निघू लागला आणि पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ साल उजाडले. त्यात मेलेल्या शब्दापुढे छोट्या खंजिराची खूण असते. मला आधी वाटले, वा, मारून वर हत्यारही तिथेच ठेवले! पण खंजीर छापला तरी ते लोक शब्दाला घराबाहेर काढत नाहीत. एकदा कोशात आला तो कायमचा आला. त्याचे मूळ, त्याचे जुने अर्थ, तो कोणी कधी वापरला, सगळे जपून ठेवतात. ज्यांचे इंग्रजी आपण शिकतो ते आपल्या मेलेल्या शब्दांची इतकी बरदास्त ठेवतात, आणि आपण आपल्या जिवंत शब्दांवर पोरांना हसायला शिकवतो. साहेबाचे घ्यायचे तर हेही घ्या की! नुसता स्पेअर व्हील काय घेता?

तेव्हा नातवाला मी माझा निकाल सांगून टाकला आहे. त्याने शाळेत खुशाल बूट म्हणावे, मार्क घ्यावेत. अमेरिकेत गेला तर ट्रंक म्हणावे, डॉलर घ्यावेत. त्याला चार भाषा आल्या तर मला आनंदच आहे. पण राजोडीत डिकीला डिकीच म्हणायचे, पाचव्या चाकाला स्टेपनी म्हणायचे, आणि शेजारच्या आजींकडे जाऊन विचारायचे, "आजी, समुद्र किती फर्लांग?" उत्तर येईपर्यंत तिथून हलायचे नाही. ते त्यांच्या बोलीत आले पाहिजे. आणि एखादा शब्द कळला नाही, तर हसायचे नाही. मूर्खाच्या टोपीचा एक कागद घेऊन तो लिहून ठेवायचा.